खमंगला हिंदीत काय म्हणायचं?

मामींनी माझा लेख परत दिला तेव्हा त्यावर शिसपेन्सिलीच्या इतक्या रेघा होत्या की आधी वाटलं, कागद कुणा नातवंडाच्या हाती लागला. लेख सराफ्यावर, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारावर होता. बाहेरगावच्या एका मासिकाला दिवाळी अंकासाठी इंदूरच्या खाण्यावर बाराशे शब्द हवे होते आणि मी ते जीव ओतून लिहिले होते. मामींनी नऊ वाक्यं पुरती खोडली होती आणि उरलेल्यांतले शब्द वेचून काढले होते, तांदळातले खडे काढावेत तसे. 'आयकॉनिक' गेला होता. 'चवींचा स्फोट' गेला होता. 'तोंडात अलगद विरघळणारा दहीवडा' यातला दहीवडा तेवढा शिल्लक होता, एकटाच. 'पोहे-जलेबी हा इंदूरकरांसाठी पदार्थ नाही, ती एक भावना आहे' हे माझं सगळ्यात लाडकं वाक्य. ते खोडलेलं नव्हतं. समासात बारीक अक्षरात फक्त विचारलं होतं, 'मग भूक लागल्यावर काय खातात?'

मी चिडले. रामबागेतल्या त्या घराचा जिना उतरताना मनातल्या मनात त्यांना चार उत्तरं दिली. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी नवे शब्द खुपणारच, असंही म्हणून घेतलं.

पण ते खरं नव्हतं, आणि मलाही ते जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंतच पुरलं. मामी शुद्ध मराठीवाल्या नाहीतच. त्या 'गॅस सिम कर' म्हणतात, 'मिक्सरला फिरव' म्हणतात, आमटी चाखून 'टेस्ट आली' म्हणतात. त्यांचं मराठी पक्कं इंदुरी आहे. 'काय करून राहिलीस?' हा त्यांचा फोनवरचा पहिला प्रश्न, आणि त्यावर पुण्याची मंडळी हसतात हे त्यांना चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. इंग्रजीचा विटाळ असलेली बाई नव्हे ही. मग 'आयकॉनिक'नं काय घोडं मारलं होतं?

चार दिवसांनी पुन्हा गेले तेव्हा त्यांनी चहाचं आधण ठेवता ठेवता सांगितलं. "वाक्य उचलायचं आणि दुसऱ्या पदार्थावर ठेवून बघायचं. तिथंही नीट बसलं तर खोडायचं."

मी ओट्याला टेकून माझीच वाक्यं उचलून पाहिली. 'पहिल्याच घासात चवींचा स्फोट होतो' हे मी कचोरीबद्दल लिहिलं होतं. खोपरा पॅटिसवर बसलं. साबुदाण्याच्या खिचडीवर बसलं. आइस्क्रीमवरही बसलं. 'पिढ्यान्‌पिढ्यांची चव जपणारं' हे तर खाण्याच्या पदार्थावरच काय, दंतमंजनावरही बसलं असतं.

दहीवड्याचं प्रकरण जास्त लागलं. सराफ्यात दहीवड्याचा भरलेला द्रोण हवेत उंच उडवून झेलतात, थेंब सांडत नाही, आणि मग एकाच चिमटीत पाच मसाले धरून ते एकेक करून वेगवेगळे सोडतात. हे पाहायला माणसं लांबून येतात आणि पाहण्यासारखं आहेच. मी उडवण्यावर चार वाक्यं लिहिली होती, चिमटीवर तीन. वड्यावर एक. विरघळण्याचं.

"विरघळते साखर, विरघळतं मीठ," मामी म्हणाल्या. "वडा विरघळला तर तो जास्त वेळ पाण्यात राहिला असं समज. डाळ चांगली फेटली की पिठाचा थेंब पाण्यावर तरंगतो. तसा वडा हलका होतो, पण त्याला अंग असतं. चमचा आत जाताना जरा अडतो. तो अडला की नाही तुझ्या चमच्याला?"

मला आठवेना. दहीवडा मी किमान पन्नास वेळा खाल्ला असेन. द्रोण किती उंच जातो ते हातानं दाखवू शकले असते, पण चमचा अडतो की नाही हे सांगता येईना. विरघळण्याचा शब्द आधीपासून तयार होता, त्यामुळे वड्याकडे बघायची पाळीच आली नव्हती.

शिकंजीच्या बाबतीत तर मी उघडी पडले. 'उन्हातून आल्यावर ताजंतवानं करणारी शिकंजी' असं मी लिहून गेले होते. देशात इतरत्र शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत, तिथं हे शोभेल. आमची इंदुरी शिकंजी म्हणजे आटवलेलं दूध, त्यात आंबटसर मठ्ठा किंवा चक्का, केशर, वेलची, सुकामेवा. एक ग्लास प्यायला की ताजंतवानं होणं दूर, माणूस सावली शोधून झोपतो. हे मला माहीत होतं! लहानपणापासून पीत आले आहे. तरी हातातून ते वाक्य उतरलं, कारण थंड पेयापुढे ते विशेषण लिहायचीच सवय. गराडूचंही तसंच. श्रावणात लिहायला बसले आणि 'सराफ्यात रोज रात्री' म्हणून गराडू, भुट्ट्याचा कीस, मालपुआ एका ओळीत ओवले. मामींनी गराडूभोवती गोल काढला होता. गराडू हा कोनफळाच्या जातकुळीतला कंद, थंडीतला. तळून, जीरावन हा इंदुरी मसाला भुरभुरवून, लिंबू पिळून खायचा. भुट्टा पावसाळ्यातला. दोन्ही एकाच रात्री शेजारी शेजारी बसवायला सराफ्याचं नव्हे, लेखाचं हवामान लागतं.

*

मामी स्वतः लिहायच्या हे मी अजून सांगितलं नाही. 1980च्या आसपास इथल्या एका हिंदी दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत त्यांचं पाककृतींचं सदर होतं. सहा-सात वर्षं चाललं. आम्हा भाचरंडांना त्याचं कौतुक एवढंच की मामींच्या नावानं पोस्टमन मनीऑर्डर आणायचा. ती कात्रणं एका जुन्या फाइलीत आहेत, पिवळी पडलेली, कडा मोडलेल्या. त्या दिवशी त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली आणि त्या डाळ निवडायला बसल्या.

मराठीत शिकलेली, मराठीत रांधणारी बाई हिंदीत लिहीत होती. पहिली अडचण आली भाजणीला. मराठी पुस्तकात तीनच शब्द असतात, 'खमंग भाजून घ्यावे', आणि आपल्याला सगळं कळतं. हिंदीत खमंगला काय म्हणायचं? संपादकीय टेबलावरून सुचवण्यात आलं, 'सोंधा' लिहा. मामींना ते पटेना. सोंधी वास पहिल्या पावसाच्या मातीला येतो, कुल्हडातल्या चहाला येतो. भाजणीला नाही. खमंग म्हणजे भाजल्या-तळल्याचा, फोडणीचा, किंचित तेलकट, भूक चाळवणारा वास. मग त्यांनी लिहिलं ते असं:

"हर अनाज अलग भूनिए, क्योंकि चावल और चने की दाल को बराबर समय नहीं लगता। आँच धीमी रखिए। दाल का रंग बादामी हो जाए और खुशबू दूसरे कमरे में बैठे आदमी को उठाकर रसोई तक ले आए, तब उतारिए।"

त्याच्यावर छापलेला मथळा मात्र टेबलावरचा होता, 'मुँह में पानी ला देने वाला महाराष्ट्रियन थालीपीठ'. मामींनी तेव्हाही त्यावर पेन्सिल चालवलेली आहे. छापून आलेल्या कात्रणावर! खोडून काय होणार होतं कुणास ठाऊक.

मी कात्रणं वाचत गेले. 'आसट' खिचडीसाठी त्यांनी लिहिलं होतं, 'थाली में रखें तो धीरे-धीरे फैले, दौड़े नहीं'. करंजीच्या खुसखुशीतपणासाठी 'दाँत लगने से पहले ही मान जाए'. आणि शेवेच्या कुरकुरीतपणासाठी, 'पास बैठे आदमी को भी सुनाई दे'. मराठीत आपण हे दोन शब्द हल्ली कशालाही लावतो. खरं तर खुसखुशीतपणा मोहनाचा असतो, मैद्यात मुरलेल्या तुपाचा, आणि तो आवाज करत नाही. कुरकुरीतपणा आवाजाचा. भजी चुरचुरीत असतात, ते आणखी तिसरं. हे सगळं मला 'माहीत' होतं, म्हणजे शब्द माहीत होते. मामींना ते हिंदीत नेताना शब्द फोडून आत काय आहे ते बघावं लागलं होतं.

मला वाटतं, त्यांच्या तिटकाऱ्याचं मूळ इथं आहे. त्यांच्याकडे तयार शब्द नव्हता. असता तर त्याही तो वापरून मोकळ्या झाल्या असत्या. सदर लिहिताना दर आठवड्याला त्यांना शेगडीपाशी उभं राहून पाहावं लागलं की नेमकं होतंय काय, कारण 'खमंग' असं लिहून सुटका नव्हती. आणि ज्यानं एकदा तसं पाहिलं, त्याला 'आयकॉनिक'चा राग येणारच. शब्द इंग्रजी म्हणून हा राग नव्हता. तो न पाहता लिहिता येतो, हे त्यांना सहन होत नव्हतं.

म्हणूनच मराठी शब्दांनाही त्यांच्याकडे सूट नाही. "खमंगची काय दशा केलीय बघ. खमंग गप्पा, खमंग बातमी, खमंग मुलाखत. आता पोह्यांनाही खमंग म्हणून राहिलेत." इंदुरी दुकानातले पोहे उकळत्या पाण्याच्या भगोन्यावर वाफेत ठेवलेले असतात. त्यांत बडीशेप असते, किंचित गोडवा असतो, वरून कच्चा कांदा, शेव, जीरावन. मऊ, ओलसर, गरम. ते खमंग नसतात, आणि खमंग नसणं हा त्यांचा दोष नाही. घरचे कांदेपोहे खमंग होऊ शकतात, कांदा फोडणीत परतलेला असतो म्हणून. एवढा फरक एका शब्दात मावत होता. तो शब्द आपण खपवून टाकला.

शब्द असे सरकतात, हे काही नवं नाही म्हणा. संस्कृतातला 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. मराठीत येता येता 'कटु'चा कडू झाला. आयुर्वेदाच्या पुस्तकात मिरचीला कटु म्हटलेलं वाचून मी एकदा छापायची चूक समजले होते. पण तिथं एका चवीचं नाव दुसरीला गेलं, दोन्ही चवी शाबूत राहिल्या. 'अप्रतिम'च्या राज्यात चवींची नावंच लागत नाहीत.

आणि सगळ्यात आधी कुठले शब्द जातात ते पाहा. दोषांचे. खवट, कुबट, कच्चट, वातड, चामट, सादळलेला, पाणचट, मिळमिळीत, गिच्च, पिठूळ. भाताला कणी राहिली. दूध लागलं. बेसन कच्चं राहिलं, लाडू टाळूला चिकटतो. घास तोंडात फिरतो. हा शेवटचा वाक्प्रचार मला फार आवडतो, 'विरघळतो'च्या थेट समोर उभा राहणारा. आमच्या घरी जेवताना हे शब्द रोज ऐकू यायचे आणि त्यात कुणाचा अपमान नसायचा. फॅशनच्या खाद्यलेखनात यातला एकही सापडत नाही. तिथं सगळंच 'मस्ट ट्राय'. कच्चट हा शब्द ज्याच्याकडे नाही, त्याला 'नीट शिजलेलं' हेही कळत नसणार.

पुढच्या शनिवारी लेख तपासायला म्हणून रात्री दहाच्या सुमारास सराफ्यात गेले. दागिन्यांच्या दुकानांची शटरं पडली होती आणि त्यांच्याच ओट्यांपुढे कढया तापल्या होत्या. किसाच्या गाड्याशी एक मुलगा फोन काठीला लावून उभा होता. द्रोण हातात आला, त्यानं कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिटले, म्हणाला, "भिया, नेक्स्ट लेव्हल!" आणि मग पहिला चमचा तोंडात घातला. त्याला हसण्याचा हक्क मला नव्हता. मी घरी बसून, चमच्याशिवायच, तेच केलं होतं.

मी कीस मागितला. गाडीवाला झाऱ्यानं कढईच्या कडा खरवडत म्हणाला, "दस मिनट रुकना पड़ेगा, आज भुट्टा पानी वाला आया है।" इतक्या गर्दीत, इतक्या दिव्यांखाली, त्या रात्री त्या पदार्थाबद्दल बोललं गेलेलं हे एकच वाक्य दुसऱ्या कशावर ठेवता आलं नसतं.

*

मामींचं सगळंच मला पटतं असं नाही. 'कम्फर्ट फूड'वरून आमचं चांगलं जुंपलं. मी म्हटलं, याला मराठीत शब्द नाही, मग घ्यायला काय हरकत? त्या म्हणाल्या, तापात पेज असते, परीक्षेला निघताना दही-साखर, गावाहून थकून आल्यावर मऊ भात आणि मेतकूट. तिन्हीला एकच नाव कशाला? मला अजूनही वाटतं की या तिन्हींत काहीतरी समान आहे आणि त्याला नाव असलं तर बिघडत नाही. शिवाय नाशिकच्या किंवा लातूरच्या ज्या वाचकानं सराफा पाहिलेलाच नाही, त्याला थोडं भुलवायला नको? "भुलवतेस कशाला? बोलव की," त्या म्हणाल्या. "किती वाजता जायचं, कुठं उभं राहायचं, शेव बारीक मागायची का जाडी, ते सांग."

त्यांची लबाडीही मी पकडली. कात्रणांत 'लाजवाब' तीनदा सापडला. मी बोट ठेवून दाखवला. चश्मा वर करून त्यांनी पाहिला, जरा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "दीड ओळ कमी पडत होती. कॉलम भरायचा होता."

एका ठिकाणी मात्र त्यांनी पेन्सिल इतकी दाबली होती की कागद फाटला होता. लेखाच्या शेवटाशी मी इंदूरच्या मराठी घरांबद्दल लिहिलं होतं, 'इथल्या सुगरणींच्या हातात जादू आहे, कारण त्या प्रत्येक पदार्थात प्रेम ओततात'. वाक्य साधं, निरुपद्रवी. अशी वाक्यं वाचून आपण मान डोलावतो.

मामींनी त्यावर एक बारसं सांगितलं. घरातलंच, माझ्या जन्माच्या आधीचं. ऐन पावसाळ्यात कुणाच्या तरी हट्टापायी नाश्त्याला भुट्ट्याचा कीस ठरला. साठ माणसं. मामी आणि त्यांच्या जाऊबाई पहाटे चारपासून किसणीवर भुट्टे किसत बसल्या. कणीस संपत आलं की बोटांची पेरं किसणीला लागतात, ती लागली. वर मिरच्या चिरायच्या होत्याच. नऊ वाजता पंगतीतून एक पाहुणे तारीफ करत म्हणाले, वहिनींच्या हातात जादू आहे. "मला तेव्हा बरंच वाटलं होतं," मामी म्हणाल्या. "नंतर भांडी घासायला बसले, राख पेरांना झोंबली, तेव्हा वाटलं, यांना कसं माहीत नाही? जादू म्हटलं की झालं. किती कणसं, कोण बसलं, किती वाजता उठलं, काही विचारायला नको."

तो लेख मी मासिकाला पाठवला नाही. म्हणजे पाठवला, दुसरा लिहून, साडेसातशे शब्दांचा. संपादकांनी जागा उरल्याचं कळवलं आणि द्रोण उडवतानाचा मोठा फोटो टाकू का, असं विचारलं. टाका म्हटलं.

भाद्रपद लागता लागता मामींनी बोलावलं. कणसं आणली होती सहा, देशी, पांढरट दाण्यांची. मधुमक्याचा कीस त्यांना चालत नाही, शिऱ्यासारखा गोड लागतो म्हणून. दाण्यात नख रोवून दाखवलं, चीक आला पण उडाला नाही. फार कोवळा असता तर कीस गिच्च झाला असता. त्यांचे हात आता थरथरतात, किसायला मी बसले. शेवटच्या कणसाला पेर लागलंच. तुपात मोहरी, जिरं, हिंग, मिरची, हळद, मग कीस. मंद आचेवर परतत राहायचं. आधी ओल्या पिठाचा वास येत होता, तो दहा-बारा मिनिटांनी गेला. मग थोडं थोडं दूध, झाकण, पुन्हा परतणं. मी चमचाभर पुढे केला. "कच्चट," मामी म्हणाल्या. आणखी परतलं. हळूहळू गोळा सुटायला लागला, दाणा दाण्यापासून वेगळा झाला, कढईच्या कडेला तुपाची बारीक रेघ दिसली. गॅस बंद करून मगच लिंबू, दूध फाटू नये म्हणून. चिमूटभर साखर, खोबरं, कोथिंबीर.

त्या खात असताना मी वहीत लिहीत होते. "काय लिहून राहिलीस?" त्यांनी विचारलं. मी वाचून दाखवलं, नखापासून तुपाच्या रेघेपर्यंत. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. पेन्सिल मागतील म्हणून मी ती जवळच ठेवली होती.

"दूध किती घातलंस ते नाही लिहिलं," त्या म्हणाल्या.

पाऊण वाटी.